तीन आठवड्यांचं मलम

बासष्टच्या लढाईनंतर आमची सिग्नल्सची तुकडी लडाखला गेली. पोस्ट पंधरा हजार फुटांवर. मी हवालदार, माझ्यासोबत मोशीचा नाईक सखाराम बोराटे. सकाळी साडेपाचला पहिला रिपोर्ट: "ऑल ओके, ओव्हर." मग दिवसभर उघड्यावर तारा ओढायच्या. वरून ऊन, खालून बर्फावरून उलटणारं ऊन. कातडी सोलवटायची, परत यायची. दोन वर्षं असंच चाललं. पुढची पोस्टिंग राजस्थानात, तिथेही ऊनच.

रिटायर झाल्यावर दोघेही भोसरीच्या एका कारखान्यात गेटवर लागलो. माझ्या कपाळावर आणि सखारामच्या कानावर खरखरीत चट्टे होते. खपली निघायची, पुन्हा धरायची. आम्ही लक्ष दिलं नाही. मी डोळे तपासायला लष्करी रुग्णालयात गेलो, तेव्हा डॉक्टर मेजरसाहेबांनी कपाळ पाहिलं आणि चष्म्याचं राहूनच गेलं. मी सखारामच्या कानाचं सांगितलं, तसं त्यालाही बोलावून घेतलं.

"उन्हानं झालंय. अजून कॅन्सर नाही, पण होऊ शकतो. हे मलम दिवसातून दोनदा, तीन आठवडे. कातडी लाल होईल, सोलवटेल, आग होईल. म्हणजे औषध काम करतंय. मध्येच थांबायचं नाही."

"येस सर," दोघेही म्हणालो.

दहाव्या दिवशी माझं कपाळ कच्च्या मांसासारखं दिसायला लागलं. बायको म्हणाली, "अहो, हे औषध आहे की तेजाब?" शेजारच्या बाई आमच्या नळावर येईनाशा झाल्या. कारखान्यात सुपरवायझरनं विचारलं, "हवालदारसाहेब, लागण होते का याची?"

"नाही, सर."

"तरी थोडे दिवस आत बसा."

मी चाव्यांच्या खोलीत बसलो. सखारामही आत. पंधराव्या दिवशी तो म्हणाला, "म्या मलम बंद केलं."

"का?"

"पोरीचं लगीन आठ दिसांवर आलंय. असला कान घिऊन मांडवात हुबा ऱ्हाऊ व्हय?"

"लग्न झालं की परत सुरू कर."

"करतो की."

मी तीन आठवडे पूर्ण केले. महिन्याभरात कपाळावर नवी, गुलाबी कातडी आली. लग्नात सखाराम फेटा कानावर ओढून सगळ्यांना आग्रहानं वाढत होता. खूश होता. नंतर मी दोनदा विचारलं. "कान बरा हाय," म्हणाला. मी सीनियर होतो. हाताला धरून न्यायला हवं होतं. नेलं नाही.

दीड वर्षानं कानामागे गाठ आली. ऑपरेशन झालं, पण गाठी गळ्यात उतरल्या होत्या. शेवटच्या भेटीत त्याला बोलता येत नव्हतं. माझ्या डोक्यावरच्या टोपीकडे त्यानं बोट दाखवलं आणि मान डोलावली. उन्हात अशीच टोपी घालून फिर, म्हणत होता.

इंद्रायणीकाठी त्याला अग्नी दिला, तेव्हा आम्ही चार माजी सैनिक सावधान उभे होतो. बिगुल नव्हता. तो लढाईत कामी आला नाही, म्हणून कुठल्या स्मारकाच्या दगडावर त्याचं नाव नाही. माझ्या हिशेबी तो लडाखच्या त्याच पोस्टवर जखमी झाला होता. नाईक सखाराम बोराटे, सिग्नल्स, गाव मोशी.