जर्मलचा लॅपटॉप

आमच्या घरात मनातलं कुणी सरळ बोलत नाही. जे बोलायचं ते एखाद्या वस्तूवर घालून बोलायचं, अशी रीतच आहे. आईला बाबांचा राग आला की ती कुकरला नावं ठेवते. बाबांना माझी काळजी वाटली की ते माझ्या चपलेचा अंगठा ओढून बघतात. त्यामुळे मी पुण्याला जावं की गावी, हट्ट्यातच राहावं हा प्रश्न आला, तेव्हा त्याबद्दल घरात कुणी चकार शब्द काढला नाही. आठवडाभर आम्ही लॅपटॉपवरून भांडलो.

मी पुण्याच्या एका कंपनीसाठी घरी बसून स्वयंपाकघरांची चित्रं काढते. बांधण्याआधी ओटा, कपाटं, दिवे कसे दिसतील ते गिऱ्हाइकाला हुबेहूब दाखवायचं. ही स्वयंपाकघरं इतकी पांढरी असतात की तिथे कुणी फोडणी देत असेल यावर आईचा विश्वास नाही. असलाच एक ओटा काढता काढता माझ्या जुन्या लॅपटॉपने मान टाकली. कंपनीने नेमका तोच मुहूर्त साधला आणि विचारलं, ऑफिसात येता की घरूनच करता? सोमवारी सांगा.

ऑफिसात चित्रं तयार करायला त्यांची मोठी यंत्रं आहेत. तिथे गेले तर गिऱ्हाइकाच्या घरी नेऊन मिरवायला मला एक हलका, देखणा लॅपटॉप पुरला असता. घरून करायचं तर सगळा भार माझ्याच यंत्रावर, म्हणजे तो मोठा, जड आणि पंखेवाला हवा. महाग दोन्ही सारखेच. थोडक्यात, हलका म्हणजे पुणे आणि जड म्हणजे हट्टा. मला पुण्याला जायचं होतं, अगदी मनापासून जायचं होतं. बाबांना ते नको होतं. आणि त्यांचा होकार नसताना बॅग भरून निघण्याइतकी कोरडी मी नाही.

मी रोज त्यांना मोबाइलवर हलक्या लॅपटॉपच्या परीक्षणांचे व्हिडिओ दाखवायचे. गाभाऱ्यात शिरल्यासारखा एक तरुण हळुवार हातांनी खोका उघडतो, एका बोटाने झाकण उचलतो आणि डोळे मिटून घेतो. जाडी मिलिमीटरभर कमी झाली म्हणून त्याला असा काही गहिवर येतो की घरातलं कुणी मोठ्या दुखण्यातून उठलंय असं वाटावं. बाबा शेवटपर्यंत शांतपणे बघायचे आणि विचारायचे, "ह्याच्या घरची लाइट जाती का?"

लाइट हा खरं तर माझाच हुकमी एक्का होता. हलक्याची बॅटरी दिवसभर टिकते, जडाची जेवणाच्या सुट्टीपर्यंतही टिकत नाही. मी तसं सांगितलं. बाबा म्हणाले, "इन्व्हर्टर बसवू." आजवर इन्व्हर्टरचा विषय निघाला की घाम येणं तब्येतीला चांगलं असतं म्हणून सांगणारे हे गृहस्थ!

शनिवारी आम्ही एसटीने हिंगोलीला निघालो. आमच्याकडे मोलाची वस्तू घ्यायची तर सोबत जाणकार माणूस न्यावा लागतो. बैलाचा जाणकार वेगळा, सोन्याचा वेगळा. लॅपटॉपचा अजून कुणी ठरलेला नव्हता, म्हणून बाबांनी विहिरीवरच्या जळालेल्या मोटारींत नवी तांब्याची तार भरून देणाऱ्या गावातल्या काकांना घेतलं. का, तर "त्येच्यात बी तारा, ह्याच्यात बी तारा." जवळा बाजार येईपर्यंत काकांनी मला एकच प्रश्न विचारला, "आत तांबं किती असतंय?" मला सांगता आलं नाही. ते बाबांकडे वळून म्हणाले, "बरं झालं मी आलो."

दुकानात दोन्ही लॅपटॉप शेजारी शेजारी मांडले गेले. विक्रेता हलक्याकडे हात करून म्हणाला, "अंकल, फुल मेटल बॉडी है. प्रीमियम." काकांनी त्यावर टिचकी मारली, कान लावून आवाज ऐकला आणि निकाल दिला, "हे तर जर्मल हाय."

आमच्याकडे ॲल्युमिनियमला जर्मल म्हणतात. जर्मलच्या पातेल्यात म्हशीची सरकी भिजते, आणि पाहुणा दारात दिसला की ते आधी पलंगाखाली सरकतं. ज्या एकसंध धातूपायी परीक्षणवाल्या तरुणाचे डोळे मिटत होते, त्याला काकांनी एका टिचकीत गोठ्यात नेऊन बांधलं. विक्रेत्याने घाईघाईने जड लॅपटॉप पुढे केला, तर तो प्लास्टिकचा निघाला. काका फार विचारात पडले. "म्हंजी एक जर्मलचा अन् एक पलास्टिकचा. पितळंचा न्हाई का येत?"

बाबांनी हलका उचलून चारी बाजूंनी फिरवला. "भोकं दोनच काहून?" विक्रेता म्हणाला, बाकीच्या वायरींसाठी वेगळा जोड मिळतो, तो घ्यायचा. "म्हंजी घर तुमी बांधून देनार अन् दारं आमी इकत आनायची." त्यात पंखा नाही हे कळल्यावर तर बाबांना आनंदच झाला. "ह्याला म्हनावं, वैशाखात आमच्या पत्र्याखाली बसून दाखव." चकचकीत पडद्यात त्यांना स्वतःचा चेहरा दिसला. "भांग पाडायला बरा हाय," ते म्हणाले. शेवटी दुरुस्तीचा विषय निघाला. आतलं सगळं चिकटवलेलं असतं आणि काही बिघडलं तर अख्खा बोर्डच बदलावा लागतो, हे ऐकून काकांना खरोखर वाईट वाटलं. असली वस्तू बनवणाऱ्याचा त्यांना रागसुद्धा आला नाही, दया आली.

माझं डोकं तापलं, कारण त्यांचं सगळं खरं होतं. पातळ करायचं म्हणून भोकं कमी केली, आवाज नको म्हणून पंखा काढला, देखणं दिसावं म्हणून उघडायची सोयच बुजवली. परीक्षणवाले हे सगळं सांगतात, पण शेवटी, हळू आवाजात. जड लॅपटॉपही काही साधुसंत नव्हता. काम दिल्याबरोबर तो पिठाच्या गिरणीसारखा सुरू झाला. बाबा कौतुकाने म्हणाले, "जीव हाय ह्याच्यात."

मला म्हणायचं होतं, बाबा, तुम्हाला हा आवाज आवडतोय की मी घरी राहणं? म्हणाले मात्र, "त्याचा चार्जर बघा, वीट हाय नुसती."

बाबांनी चार्जर हातात घेऊन तोलून बघितला. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "जडच घे. पुन्याला बी हाच ने." आठवडाभरात पुण्याचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं होतं. "तिकडं करमलं न्हाई तर ह्याच्यावर घरी येऊन काम करता येतंय. हलक्यावर त्ये व्हत न्हाई ना?"

"न्हाई व्हत."

त्यांनी विक्रेत्याकडून पाठीवरची बॅग मागून घेतली. तिच्यात तो जड लॅपटॉप घातला, वीट घातली आणि स्वतःच्या हाताने माझ्या खांद्यांवर चढवली. मी हसरा चेहरा ठेवून ताठ उभी राहिले, पण पट्टे रुतले आणि खांदे आपोआप खाली आले.

"रोज कसं जायचं तिथं?"

"बसनं. मंग चालत."

"गर्दीत बॅग धराया कोन हाय?"

"कोनी न्हाई, बाबा."

बाबांनी रुतलेला पट्टा बोटाने उचलून बघितला. मग त्यांनी बॅग उतरवली, माझ्या खांद्यावरची ओढणी सारखी केली आणि विक्रेत्याला म्हणाले, "हलका द्या." काका बोलायला लागले तर त्यांना हातानेच थांबवलं.

मी जिंकले होते. आठवडाभर ज्याच्यासाठी भांडले ते मिळालं होतं. पण हा लॅपटॉप घेऊन मी हट्ट्याला परतून काम करू शकणार नव्हते, हे त्यांनी मघाशीच विचारून घेतलं होतं.

विक्रेता खोका आणायला आत गेला. बाबा काउंटरवरची अदृश्य धूळ बोटाने पुसत होते.

"ह्याच्यावर घरून काम व्हत न्हाई त्ये बरंच हाय," ते म्हणाले. "येशील तवा सुट्टी काढूनच येत जा, माय."