गुरुजींनी थांबवलेली पुष्पवृष्टी

कुठल्याही कारखान्याच्या शेडमध्ये शिरताना गुरुजी दारातच थांबायचे आणि मान वर करून छताकडे पाहायचे. समोर मालक हात जोडून उभा असला तरी. "पहिले वर पाहा, मंग नमस्कार करा," हे त्यांचं नेहमीचं. गोल बाजारात एकदा ते टांगलेल्या पितळी हंड्यांखालूनही बाजूला झाले. दुकानदार हसला. मलाही हसू आलं.

एका मोठ्या कारखान्यात त्यांनी उभी हयात क्रेन चालवली, शेवटी इतरांना शिकवलीही. पण तिथलं शिकवणं म्हणजे चहा, समोसा आणि रांगेतला एक फोटो. तुम्हीही अशा फोटोत उभे राहिले असाल. त्याला कंटाळून त्यांनी नोकरी सोडली आणि स्कूटर घेऊन रायपूरच्या उरला भागात कारखान्याकारखान्यांत क्रेनची सुरक्षा शिकवू लागले. बायको म्हणायची, "आरामाच्या वयात काहून वणवण करून राहिले?"

"नोकरीत साहेबाचं ऐका लागे. आता कोणाचं ऐकू?"

मी आमच्या घरातला पहिला पदवीधर. वडील रेल्वेत गँगमन. उरल्याच्या एका रोलिंग मिलच्या टाइम ऑफिसात लागलो, तेव्हा गुरुजींनी मलाही हेल्परांच्या रांगेत उभं केलं. "बाबू, तू बी ये. डोकं तुलेही आहे ना?" त्यांचा पहिला धडा थांबवण्याच्या खुणेचा: दोन्ही हात बाजूंना सरळ पसरायचे. "क्रेन चालवायची खूण एकच माणूस देईन. थांबवायची कोणीही देईन. झाडूवाली देईन, पोट्टं देईन. ऑपरेटरनं पहिले थांबायचं, मंग विचारायचं."

मग आली विश्वकर्मा पूजा. आमच्याकडे हा वर्षाचा सण. यंत्रांना हार घालतात, शेडमध्ये सतरंज्या पसरतात, कामगारांची बायकापोरं जेवायला येतात. त्या वर्षी मालकांना हौस आली. झेंडूच्या फुलांनी भरलेला लोखंडी टब क्रेनला टांगायचा, पंगतीवरून फिरवायचा आणि दोरी ओढून तळ उघडायचा.

गुरुजी पाहुण्यांच्या खुर्चीत होते. टब निघाला तसे ते उठले, अंगावरची शाल खाली पडली, आणि पंगतीच्या मधोमध हात पसरून उभे राहिले. क्रेनच्या केबिनमधला ऑपरेटर त्यांचाच शिष्य होता. टब जागीच थांबला.

"क्या गुरुजी, फूल ही तो हैं," मालक म्हणाले.

"फूल तो ठीक है सेठजी. टब लोहे का है."

"शुभ दिन पे अपशकुन मत करिए."

"लोगों को हटा दीजिए, फिर जितना चाहे घुमाइए. ताली मैं बजाऊंगा."

पंगत उठवणं मालकांना कमीपणाचं वाटलं. टब कोपऱ्यात उतरवला. दुसऱ्या दिवशी ऑपरेटरच्या हातात यार्डातला झाडू आला, आणि आठवडाभरात उरल्यातले सगळे मालक गुरुजींना 'पनौती' म्हणू लागले.

मला आजही चीड येते. टब कोणाच्या अंगावर पडला असता, तर याच लोकांनी त्यांना हार घालून भाषणाला बोलावलं असतं. कोणाला ओरखडा आला नाही, म्हणून ते वेडे ठरले. या मिलच्या पगारावर माझं घर चालतं, हे मी विसरलेलो नाही. तरीही हा अन्यायच होता.

गुरुजी एकदाच परत आले, ऑपरेटरसाठी. "मुझे मत बुलाइए. इसको क्रेन पे चढ़ाइए." मालकांनी अट घातली, पुन्हा या गेटवर दिसायचं नाही. गुरुजी "हव" म्हणाले आणि निघाले. इतर कारखान्यांची बोलावणी आधीच थांबली होती. काही महिन्यांनी ते रायपूर सोडून नागपूरला मुलीकडे गेले.

पुढच्या पूजेला टब पुन्हा टांगला गेला. पाहुण्यांच्या खुर्चीत नवे प्रशिक्षक होते, समोसा आणि फोटोवाले. गुरुजींचा ऑपरेटर केबिनमध्ये खुणेची वाट पाहत होता. वाढणं सुरू झालं, तसा एक हेल्पर पत्रावळ उचलून शेडबाहेर उन्हात जाऊन बसला. मग दुसरा. मग त्यांच्या बायका, पोरं. मीही आईचा हात धरून बाहेर आलो.

"अरे, अंदर आओ, फूल गिरने वाले हैं," मॅनेजर दारातून ओरडला.

"हव साहेब, इहें बने हे," इथंच बरं आहे, असं पहिला हेल्पर त्याच्या छत्तीसगढीत म्हणाला आणि भात कालवू लागला.

आत टबाचा तळ उघडला. फुलं रिकाम्या सतरंज्यांवर पडली.