दादा कंपनीत काय बघायचा

दादाच्या मृत्यूची नोंद करायला मी महापालिकेच्या कार्यालयात गेलो, तेव्हा खिडकीमागच्या बाईंनी वय, पत्ता, मृत्यूचं कारण असं सगळं विचारून झाल्यावर व्यवसाय विचारला. मी मागे वळून बघितलं. माझ्यामागे रांग होती. बाईंनी मान वर न करता विचारलं, "कंपनीत होते का?"

"हो. म्हणजे..."

"मग नोकरी लिहिते. इकडे सगळे कंपनीतच असतात."

त्यांचं चुकलं नव्हतं. भोसरीपासून चाकणपर्यंत रस्त्याच्या दोन्ही बाजूंना कंपन्याच आहेत. माणूस सकाळी आत जातो, संध्याकाळी बाहेर येतो आणि मधलं कोणी पाहिलेलं नसतं. "कंपनीत आहे" म्हटल्यावर पुढचं विचारायचं नाही, असा इकडचा रिवाज आहे. पिंपळे गुरवमधल्या आमच्या इमारतीत समोरचे गृहस्थ 'सप्लायमध्ये' आहेत, वरचे 'लायझनिंग' करतात आणि तळमजल्यावरचे एकजण गेली काही वर्षं 'प्रोजेक्टवर' आहेत. प्रोजेक्टवरचे रोज दुपारी पार्किंगमध्ये खुर्ची टाकून पेपर वाचत असतात. त्यांनाही कोणी काही विचारत नाही.

दादा या सगळ्यांहून मोघम होता. तो म्हणायचा, "बघतो तिथलं."

"काय बघतोस?"

"जे असेल ते."

त्याला मुलगी दाखवायचं चाललं होतं तेव्हा मुलीच्या मामांनी हा प्रश्न तीन वेगवेगळ्या तऱ्हांनी विचारला आणि दादाने तिन्ही वेळा हेच उत्तर दिलं. मामांनी पोहे संपवले आणि ते गेले. नंतर तो विषयही संपला. आई, दादा आणि मी असे तिघंच राहत आलो. मी एका कॉलेजच्या ग्रंथालयात आहे. माझ्याबद्दल लोकांना वाटतं की मी दिवसभर वाचत बसतो, आणि ते फारसं खोटं नाही.

दादा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून निघायचा. कधी आठवडाभर जायचा, कधी चार दिवस घरीच असायचा. त्याचे अ‍ॅप्रन तीन रंगांचे होते : निळा, करडा आणि हिरवा. आई ते धुऊन वाळत घालताना म्हणायची, "याच्या कंपनीला एक रंग काही ठरवता येत नाही." एवढंच. तिनेही कधी जास्त खोदलं नाही. पगार येत होता, दादा दारू पीत नव्हता आणि आवाज चढवत नव्हता. उलट, दुसऱ्यांचा चढलेला आवाज तो ऐकून घ्यायचा. मागे एकदा सोसायटीचे चेअरमन खालच्या घरात गळती होते म्हणून आमच्या दारात उभे राहून ओरडत होते. दादा बनियनवर उभा राहून शांतपणे म्हणाला, "मान्य आहे. सुधारतो." चेअरमन पाच मिनिटांत थंड होऊन गेले. गळती आमची नव्हतीच, वरच्या लायझनिंगवाल्यांची होती.

एका पहाटे दादा झोपेतच गेला. कळवायचं कोणाला म्हणून मी त्याचा फोन उघडला, तर नावं अशी होती : भोसरी एक, भोसरी दोन, चाकण, चाकण नवीन. मी सगळ्यांना फोन केले. प्रत्येकाने "अरे देवा" किंवा "या अल्ला" म्हटलं आणि घाईने फोन ठेवला. कोण बोलतंय, हे कोणीच धड सांगितलं नाही.

भेटायला लोक येऊ लागले. आई भिंतीला टेकून चटईवर बसायची. दुःखाचं बोलून झालं की प्रत्येकजण हळूच विचारायचा, "नक्की काय करायचे हो ते?" जिवंतपणी जो प्रश्न रिवाजाने अडवून धरला होता, तो माणूस गेल्यावर मोकळा सुटला होता. आई माझ्याकडे बघायची आणि मी खिडकीकडे.

तिसऱ्या दिवशी सगळे गेल्यावर ती म्हणाली, "तुझे वडील टाइमकीपर होते. हे मी अजून कोणालाही सांगू शकते. पोराचं मला सांगता येत नाही. लोकांना वाटतं, मी काहीतरी लपवते आहे. तेराव्याच्या आत मला एवढं कळलं पाहिजे."

मी "बघतो" म्हणालो. आई माझ्याकडे अशी बघत राहिली की मी काय बोललो ते माझ्या लक्षात आलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं एकाच वेळी आले. एक भोसरीचे, पांढऱ्या दाढीचे मुसलमान गृहस्थ. त्यांचं लेथचं छोटं वर्कशॉप होतं आणि त्यांना सगळे चाचा म्हणत. दुसरा चाकणकडचा तिशीतला तरुण. काय करता, असं विचारल्यावर तो म्हणाला, "आपलं सगळंच असतंय, राव. जेसीबी हायेत, कॅन्टीन हाय, एक वर्कशॉपची शेड बी टाकलीय."

चाचा आईसमोर मांडी घालून बसले. "आमच्याकडे क्वालिटी मॅनेजर होते दादा. आमचा मोठा आधार गेला, आई."

"तुमच्याकडं?" तरुण म्हणाला. "न्हाई चाचा, काहीतरी घोटाळा हाय. ते आमच्याकडं हुते. क्वालिटी हेड."

"कधीपासून?"

"शेड टाकल्यापासनं."

"आमच्याकडे त्याच्या कितीतरी आधीपासून."

"रोज?"

चाचा खोकले. "रोज म्हणजे... ऑडिटला."

"आमच्याकडं बी ऑडिटलाच," तरुण जरा खाली आवाजात म्हणाला.

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. एकाच माणसाच्या दोन बायका त्याच्या माघारी पहिल्यांदा समोरासमोर याव्यात, तसं काहीतरी झालं.

"निळा अ‍ॅप्रन तुमचा व्हय?" खुंटीवर टांगलेल्या तिन्ही रंगांकडे बघत तरुणाने विचारलं.

"निळा आमचा."

"करडा आमचा. मग हिरवा कुणाचा?"

हिरवा कोणाचा हे दोघांनाही माहीत नव्हतं. त्या अज्ञात तिसऱ्यामुळे दोघांचं थोडं जमल्यासारखं झालं.

हळूहळू जे बाहेर आलं ते असं. मोठ्या कंपन्या सुटे भाग लहान वर्कशॉपमधून करून घेतात आणि तिथलं काम नीट चालतं की नाही ते पाहायला मधूनमधून आपला माणूस पाठवतात. त्याला ऑडिट म्हणतात. ऑडिटरला क्वालिटी मॅनेजर दाखवावा लागतो. लहान मालकाला तो वर्षभर पोसणं परवडत नाही, आणि खरं तर लागतही नाही. लागतो तो त्या एक-दोन दिवसांपुरता. दादा त्या एक-दोन दिवसांचा माणूस होता.

"पण म्हणजे तो तिथे करायचा काय?" आईने विचारलं.

"बसायचे," चाचा म्हणाले.

"सांभाळून घ्यायचे," तरुण म्हणाला.

"काय सांभाळून घ्यायचा?"

"आता कसं सांगायचं आजी... ते असले की बरं असायचं."

आईने डोळे मिटले. प्रश्न जिथे होता तिथेच होता.

चाचा मात्र उठेनात. माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. शेवटी म्हणाले, "मालिकची मर्जी बघा. सोमवारी आमचं ऑडिट आहे. जो साहेब येणार, त्याने दादांना एकदाच बघितलंय, ते पण गेल्या साली. चेहरा तर तोच आहे."

माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. "अहो चाचा, मी ग्रंथालयात असतो."

"दादा तरी कुठे इंजिनिअर होते?"

"आम्हाला सुतक आहे. काम करायचं नसतं."

"काम कोण सांगतंय? बसायचंय फक्त."

चाकणच्या तरुणाने मान डोलावली. "पॉइंट हाय चाचांचा."

मी हात जोडून त्यांना नाही म्हणणार, तेवढ्यात आई म्हणाली, "जा."

"आई, हे खोटं आहे."

"असू दे. आयुष्यभर तो कुठे जाऊन बसायचा ते मला कोणी धड सांगत नाही. तू एकदा बसून ये आणि मला सांग."

सोमवारी मी दादाचा निळा अ‍ॅप्रन घातला. तो खांद्यात मला सैल होता. डोक्याचे केस काढलेले होते म्हणून चाचांनी वर्कशॉपची टोपी दिली. एका कोपऱ्यात काचेची केबिन होती. आत टेबल, फिरती खुर्ची आणि भिंतीवर एक चौकट, तीत लिहिलेलं होतं : गुणवत्ता हीच आमची ओळख. खुर्चीचा एक हात मोडका होता. दादा घरातही डावा हात मांडीवर ठेवून बसायचा, ते का, हे मला तिथे कळलं.

"काही बोलायचं नाही," चाचा म्हणाले. "दादा दोनच गोष्टी बोलायचे. मान्य आहे. सुधारतो. बस."

ऑडिटर माझ्यापेक्षा पुष्कळ लहान होता. आल्याआल्या माझ्याकडे बघून थबकला. "सर, किती बारीक झालात तुम्ही."

मी म्हणालो, "घरी दुःख झालं."

"अरेरे. कोण गेलं?"

"भाऊ."

चाचांनी छताकडे बघितलं.

"मोठे की धाकटे?"

"मोठा."

तो खरोखर हळहळला. खुर्ची ओढून बसला, स्वतःच्या काकांचं सांगू लागला. मग त्याने विचारलं, "काय करायचे भाऊ?"

आठवडाभर हा प्रश्न मी खिडकीकडे बघून टाळत होतो. इथे खिडकी नव्हती. दादाच्या खुर्चीत, दादाच्या अ‍ॅप्रनमध्ये बसून मी म्हणालो, "कंपनीत होता."

"अच्छा," तो समाधानाने म्हणाला, आणि आम्ही कामाला लागलो.

तो पुढे आणि मी मागे असे फिरत राहिलो. तिसऱ्या लेथपाशी त्याने माप घ्यायचं एक गेज उचललं. त्यावरच्या तपासणीच्या चिठ्ठीची मुदत कधीच संपून गेली होती. त्याचा आवाज चढला. "हे काय आहे? या गेजवर तुम्ही माल पास करता? एवढी वर्षं मॅनेजर आहात ना तुम्ही? झोपा काढता का?"

सगळं वर्कशॉप थांबलं. लेथवरचा कामगार वाकून तेलाच्या डब्यात काहीतरी शोधू लागला. चाचा आपल्या चपलांकडे बघत होते. एवढ्या माणसांत ऑडिटरच्या समोर उभा असा मी एकटाच होतो. मला खूप लाज वाटली, आणि मग लक्षात आलं की ही लाज माझी नाही. दादाचीही नव्हती. कोणाची तरी होती आणि तिला उभं राहायला एक माणूस लागत होता.

"मान्य आहे," मी म्हणालो. "सुधारतो."

तो अजून थोडा बोलला, पण त्यातला जोर गेला होता. मशीन पुन्हा सुरू झाल्या. जाताना त्याने माझा हात हातात घेऊन घरच्यांची काळजी घ्या असं सांगितलं आणि गेजसाठी महिन्याची मुदत दिली.

चाचा मला बसथांब्यापर्यंत सोडायला आले. "आज कळलं ना?" एवढंच म्हणाले.

घरी आई दाराकडे तोंड करून बसली होती. मी हातपाय धुऊन तिच्यासमोर बसलो.

"बोलणी खायचा," मी म्हणालो.

"कोणाच्या वाटची?"

"ज्याच्या वाटची असतील त्याच्या."

आईने चटईची निघालेली काडी आत खोचली. मग म्हणाली, "गळती आपली नव्हतीच."

"नव्हती."

"मी तेव्हा त्याला म्हटलंसुद्धा, सांग की रे त्यांना. तर म्हणाला, ओरडून झालं ना त्यांचं, आता ते वरती जाणार नाहीत." ती तोंडाला पदर लावून हसू लागली. दादा गेल्यापासून ती पहिल्यांदा हसत होती, आणि ते हसणं मध्येच कधी दुसरं काही झालं हे मला नीट कळलं नाही. मी तिच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी पिंपळे सौदागरहून आईची एक जुनी मैत्रीण आली. रडून झालं, पाणी पिऊन झालं. मग तिने इकडेतिकडे बघत विचारलं, "पण गं, तो नक्की करायचा काय?"

आईने या वेळी माझ्याकडे बघितलं नाही.

"कंपनीत होता," ती म्हणाली.

"हो गं, पण कोणत्या?"

"बऱ्याच."

मैत्रिणीने पाण्याचा रिकामा पेला पुन्हा उचलला. तेवढ्यात माझा फोन वाजला. चाकणचा तरुण होता. मी तो हातात धरून नुसताच बघत बसलो.

"घे की," आई म्हणाली. "कोणाचं तरी अडलं असेल."