डाळीचं पाणी

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, दुसऱ्या दिवशी आमच्या गावातून लेकी सासरी परत निघतात. मी परदेशी निघाले तोही तोच दिवस. ब्राह्मणपुरीच्या फाट्यावर कुणी शिरपूरला जाणारी, कुणी दोंडाईच्याला. त्यांच्यातच मी, दोन मोठ्या बॅगा घेऊन. मायनं सगळ्या लेकींना सांगतात तेच मलाही सांगितलं, "पुढली आखाजीले ये." सांजोऱ्यांचा डबा हातात दिला आणि खोकत घराकडे वळली. खोकला तेव्हा साधाच वाटायचा.

इथे आखाजीला सुटी नसते. मी हिवाळ्यात जायचे.

इथल्या प्रयोगशाळेत आम्ही मूळपेशी वाढवतो. ज्या पाण्यात त्या वाढतात त्यात त्या अतिशय बारीक पिशव्या सोडतात, साध्या सूक्ष्मदर्शकालाही न दिसणाऱ्या. पूर्वी ते पाणी ओतून देत. आता आम्ही पेशी टाकतो आणि पाणी राखतो. त्यातल्या पिशव्या वेगळ्या करायच्या, त्यांत औषध भरायचं, आणि ते आजारी फुफ्फुसापर्यंत पोचेल असं पाहायचं. एका हिवाळ्यात माय चुलीपुढे पुरणाची डाळ चाळणीत ओतत होती, तेव्हा तिला हे सांगितलं. खाली पातेल्यात रशीसाठी, म्हणजे कटाच्या आमटीसाठी, पाणी साचत होतं.

"तुम्ही डाय फेकी देतस नि पानी ठेवतस?"

मी हो म्हटलं.

"उलट्याच बाया शेतस तुम्ही."

पुढच्या वर्षी तिच्या खोकल्याला नाव मिळालं. फुफ्फुसं आतून घट्ट होत चालली होती, आणि ती पुन्हा मऊ करणारं औषध नव्हतं. आमचं काम नेमकं त्याच आजारावर होतं. नाकाला ऑक्सिजनची नळी लावलेली असताना तिनं फोनवर एकदाच विचारलं, "ते पानी मन्हाकडे कव्हय येई?"

अजून उंदरांपर्यंतच आलंय, असं मी म्हणाले.

"मंग उंदीरस्ले तरी बरं वाटू दे."

ती गेली तेव्हा मी विमानात होते. प्रकाशा या तीर्थाच्या गावी तापीत राख सोडली आणि परत आले. तोवर माझ्या पेशींना सोबतची मैत्रीण खाऊ घालत होती. काही दिवसांनी उंदरांच्या फुफ्फुसांचे काप पाहिले. फुफ्फुसं मऊ पडली होती. उंदरांना बरं वाटलं होतं. मी तसं सगळ्यांना कळवलं आणि हात धुतले. तुमच्यापैकी जे लांब आहेत त्यांना ठाऊक असेल, इथे रडू येत नाही. इथे तिला कुणी पाहिलेलंच नव्हतं.

यंदा माय गेल्यानंतरची पहिली आखाजी. गावी वहिनीनं, गेलेल्यांसाठी भरतात तशी, तिच्या नावानं घागर भरली. इथे मी स्टीलच्या तांब्यात पाणी भरून वर आंबा ठेवला. पुरणाला डाळ शिजवली, चाळणीत ओतली, पाणी जपून बाजूला ठेवलं आणि डाळ कचऱ्यात टाकली. हात सवयीनं चालले. कळलं तेव्हा चाळणीला थोडी डाळ चिकटलेली होती. मग त्या पाण्याची रशी केली आणि भाताबरोबर तांब्यापुढे ठेवली.

वहिनीला फोनवर सांगितलं. ती हसली. आई नसली की लेकीला आखाजीचं बोलावणं वहिनीनं करायचं असतं. तिनं ते आपल्या घाईच्या आवाजात केलं.

"पुढली आखाजीले ये. डाय मी शिजाडसू."

घर म्हणून मला आता एवढंच उरलंय, कुणीतरी असं म्हणावं. पुढच्या आखाजीची सुटी मी आत्ताच मागून ठेवली आहे.