भोंगा वाजला की कुठं पळायचं

आमच्या गावात पाण्याच्या दोनच तऱ्हा. नसतं तेव्हा प्यायलाही नसतं, अन् असतं तेव्हा थेट घरात असतं. आदिलाबादकडं, बेल्याच्या पुढं, पैनगंगेच्या अंगाला गाव. त्यात आमचं घर सगळ्यात खाली, नाल्याला खेटून. वांगी, पालक, सांबार म्हणजे कोथिंबीर लावायला जागा सोन्यासारखी, पण राहायला नुसता जीव टांगणीला.

घरात माझे सासरे, म्हणजे मामाजी. अंगानं धिप्पाड, गुडघ्यांनी कामातून गेलेले, अन् हट्टाला तोड नाही. मागच्या खेपेला पाणी ओसरीत शिरलं तेव्हा सगळं गाव टेकाडावरच्या शाळेत गेलं, अन् हे बाजेवर मांडी घालून बसले. "या नाल्याले मी लहानपनापासून ओळखतो," म्हणाले. आम्ही ओरडून ओरडून थकलो. पाणी बाजेच्या सुतळीला टेकलं अन् उतरलं. त्यावर आम्हालाच विचारतात, "पाह्यलं? उतरलं का नाही?" त्यांच्या हिशेबानं नाला त्यांना घाबरून मागं गेला. तेव्हापासून आभाळ भरलं की मी आधी नाल्याकडं पाहायची. पुढच्या खेपेला नाला नाही घाबरला तर?

अशात हैदराबादहून संशोधन करणाऱ्या एक मॅडम आल्या. हवापाणी बदलून राह्यलं, दुष्काळ अन् पूर एकाच गावाला एकाच वर्षात गाठतात, तर लोकांनी करायचं काय, हा त्यांचा अभ्यास. वयानं माझ्या लेकीएवढ्या. घरची भाषा तेलुगू, आमच्याशी हिंदी. घरोघर जाऊन विचारायच्या. गावाचं तर विचारूच नका! दुष्काळाचं विचारलं की सगळ्यांच्या विहिरी कोरड्या, पुराचं विचारलं की सगळ्यांची घरं बुडालेली, टेकाडावर राहणाऱ्यांचीसुद्धा.

तेलुगूत आजोबांना ताता म्हणतात. मॅडमनी मामाजींना विचारलं, "ताता, घर में पानी आया तो आप क्या करते?"

"देखता," मामाजी म्हणाले.

मॅडम हसल्या नाहीत. तेच लिहून घेतलं.

पावसाळ्याआधी एकदा पुराची तालीम करायची असं मॅडमनी ठरवलं. पंचायतीच्या छतावर भोंगा बसवला. भोंगा वाजला की सगळ्यांनी हातातलं टाकून वर शाळेत जायचं. ज्याला चालवत नाही त्याला चौघांनी बाजेसकट उचलायचं. हे सगळं किती वेळात होतं ते मॅडम पाहणार. आता उचलायला माणूस कोण? आमचे मामाजी! मला तर देव पावला. एकदा उचलून नेता येतं हे कळलं, की खऱ्या वेळी विचारायचं कशाला? म्हातारा ऐकायचा नाही असं वाटलं होतं, पण मॅडम म्हणाल्या, "ताता, आप के बिना ये काम होताच नहीं." झालं. म्हातारा फुगला. त्या दिवशी सकाळीच दाढी केली अन् पांढरंशुभ्र धोतर नेसून तयार.

मे महिना. ऊन असं की कोंबडी सावली सोडेना. नळाची लाइन फुटलेली, गावात पाण्याचा थेंब नाही, अन् आम्ही निघालो पुराची तालीम करायला. भोंगा वाजला. चार धडधाकट पोट्टे आले अन् बाज खांद्यावर घेतली. ऊन लागू नये म्हणून मी मामाजींच्या तोंडावर ओला पंचा टाकला. पुढं चार खांदे, वर पांढरं धोतर, मागून सगळं गाव खाली मान घालून. कारण मॅडमनी बजावलं होतं की दंगा करायचा नाही. तेवढ्यात समोरून एक परगावची म्हातारी आली. ती कडेला थांबली, चपला काढल्या, हात जोडले अन् हळूच मला म्हणाली, "लय वय होतं काय वं बाई?"

मी तोंड उघडायच्या आत पंचा उडाला. "जित्ता हाये मी! तुह्या आधी नाही जात!"

म्हातारी जी किंचाळली, जी पळाली, चपला तिथंच. पोट्टे इतके हसले की बाज लागली हलायला. अन् त्याच घडीला खालून, आमच्या घराकडून, टँकरचा हॉर्न वाजला.

अख्खं गाव जागच्या जागी वळलं. पोट्ट्यांनी बाज रस्त्याच्या मधात ठेवली अन् बकेटा आणायला पळाले. बाया पळाल्या, सरपंच पळाले. मीही पळाली. काऊन नाही पळणार? घरात घोटभर पाणी नव्हतं. शाळेत पोचले ते एकटे गुरुजी, तेही कुलूप उघडायचं होतं म्हणून.

पाण्याचे दोन गुंड, म्हणजे हंडे, भरून परत आली तर बाज तिथंच रस्त्यात, बाजेवर मामाजी, अन् बाजूला मॅडम त्यांच्यावर छत्री धरून उभ्या. मी म्हटलं, "मॅडम, हमारे लोग ऐसेच हैं, बुरा मत मानो." त्या म्हणाल्या, "नहीं अम्मा, यही तो सीखना था. पूर का रिहर्सल था और पूरा गाँव पानी की तरफ भागा." मग त्यांना हसू फुटलं, मलाही फुटलं.

मामाजी नाही हसले. म्हणाले, "सूनबाई, सांगून ठेवतो. चौघाइच्या खांद्यावर मानूस एकदाच जाते, अन् तवा त्याले काही समजत नाही. मले आज समजलं. आता पानी नाकाले लागू दे, मी कोनाले उचलू देनार नाही."

घ्या! आजवर नुसते हट्टी होते, आता शपथेवर हट्टी झाले. ज्यानं जीव वाचायचा त्यानंच घात केला. मला भर रस्त्यात रडू कोसळलं. मॅडमना वाटलं ऊन लागलं, त्यांनी छत्री माझ्यावर धरली.

मॅडम गेल्या, भोंगा राहिला. सरपंच म्हणाले, रिकामा काऊन ठेवायचा? टँकर आला की तोच वाजवायला लागले. उरलेला उन्हाळा भोंगा वाजला की बाया बकेटा घेऊन खाली पळायच्या. सोय झाली म्हणून सगळे खूश, मीसुद्धा.

मग पावसाळ्यात झड लागली. पैनगंगा फुगली अन् नाल्याचं पाणी उलटं फिरून गावाकडं यायला लागलं. भोंगा वाजला. वरून धो धो पाऊस, अन् अर्धं गाव बकेटा घेऊन खाली नाल्याकडं! डोक्यावर पोतं, हातात रिकामा गुंड. एक बाई दुसरीला विचारते, "एवढ्या पान्यात टँकर काऊन आला वं?" कपाळ बडवायलाही मला वेळ नव्हता. पाणी आमच्या पायरीला लागलेलं, मालक भाजी घेऊन बसनं आदिलाबादला गेलेले, बैलबंडी घरीच, अन् मामाजी बाजेवर मांडी घालून.

"मामाजी, उठा."

"उतरते ते."

तेच चार पोट्टे उचलायला आले. मामाजींनी काठी उगारली, तसे ते पळाले. पाणी ओसरीत आलं. मी हात जोडले, पाया पडली. शेवटी वारलेल्या सासूबाईंची शपथ घातली. तर म्हणतात, "तिलेच भेटाले चाललो."

तेव्हा माझं डोकं फिरलं. आमच्याकडं सून सासऱ्यासमोर बाजेवर बसत नाही. लग्न होऊन आल्यापासून मी कधी टेकली नव्हती. पण पदर खोचला अन् सरळ त्यांच्या बाजूला जाऊन बसली, मांडी घालून.

"हे काय?"

"बसून राह्यली. तुमी पाहता ना, मी पन पाहते."

"उठ."

"नाही उठत."

"तुले पोहता येत नाही!"

"तुमाले तरी कुठं येते आता!"

पाणी सुतळीतून वर आलं, मला खालून गार लागलं. खरं सांगते, मला फार भीती वाटत होती. पण मी बाजेची कड धरून बसली. मामाजींनी माझ्याकडं पाहिलं, पाण्याकडं पाहिलं, पुन्हा माझ्याकडं पाहिलं.

"बंडी जुप," म्हणाले.

"मले येत नाही."

"काहीच येत नाही तुले! एवढी वर्सं काय शिकली?" असं ओरडत, भिंतीला धरत, नाल्याला अन् मला सारख्याच शिव्या देत मामाजी उठले. मी बैल धरले, त्यांनी दोर आवळले. मग कासरा हातात घेऊन असे बसले की गुडघे दुखतात हे बैलांनाही खरं वाटलं नसतं. वाटेत बकेटावाल्या बाया. "टँकर नाही वं, नदी हाये! चढा बंडीत!" बंडी बायांनी अन् बकेटांनी गच्च भरली. शाळेत पोचलो तेव्हा गुरुजींना वाटलं, कोणाचं वऱ्हाडच आलं.

पाणी उतरल्यावर घरी आलो. सगळीकडं चिखल. बाज दारात आडवी अडकली होती, ती ओढून पुसून जागेवर लावली. मामाजी बसले. मागच्या भिंतीवर पाण्याची रेघ उमटली होती. त्यांनी मान वर करून पाहिलं. बसल्या जागी हात उंच केला तेव्हा कुठं बोटं रेघेला लागली.

"बस इथं," मला म्हणाले.

"कुठं?"

"बाजेवर बस म्हनतो ना."

मी बसली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, मग डोक्यापासून रेघेपर्यंत विती मोजायला लागले. मधातच थांबले.

"पुन्हा असं करू नको, बाई," म्हणाले.

"तुमी उठत जा."

मामाजींनी पुन्हा एकदा रेघेकडं पाहिलं.

"उठीन," म्हणाले.