शारदाक्कांच्या पॉपी

शारदाक्कांच्या सुधीरदादांचा फोन आला तेव्हा कंपनीची बस होसूर रोडला लागली होती. "अम्मा गेली रे. पहाटे." मी "बरं" म्हणालो. खरं तर तिथेच उतरायला हवं होतं. पण मी बोम्मसंद्र्याच्या कारखान्यापर्यंत गेलो, हजेरी लावली, तासभर सुट्या भागांची मापं तपासत बसलो आणि मग साहेबांकडे रजा मागितली. दोन महिने होत आले. त्या एका तासाचं काय करायचं, ते अजून कळत नाही.

शारदाक्का माझ्या घरमालकीण. मल्लेश्वरममधल्या त्यांच्या घरी गच्चीवरच्या खोलीत मी सहा वर्षं राहिलो. त्यांच्या मराठी घराण्याला या कानडी मुलखात येऊन कित्येक पिढ्या झाल्या होत्या. मी बार्शीकडचा, घरात पदवी घेतलेला पहिलाच. खोली शोधताना सगळ्यांनी आधी आडनाव विचारलं होतं. अक्कांनी विचारलं, "सकाळी किती वाजता उठतोस?" साडेपाचला, म्हटल्यावर म्हणाल्या, "सरी, ठीक आहे, मग ये राहायला." त्यांना उन्हाआधी वाफ्याला पाणी देणारं कुणीतरी हवं होतं, हे मला नंतर समजलं.

वाफा घरासमोर, पायरीपासून फाटकापर्यंत. पाऊस ओसरला की अक्का त्यात लाल पॉपी पेरायच्या. बी खसखशीएवढं. ते वाळूत मिसळून भुरभुरायचं, वर माती लोटायची नाही, पाणी फक्त फवाऱ्याने. शेजारचे अण्णा दरवर्षी फाटकावरून विचारायचे, "काय अक्का, यंदा तरी खसखशीची खीर?" "ही अफूची जात नव्हे हो. तरी करीन. पहिली वाटी तुम्हाला. तुम्ही उठून बसलात तर मग मी खाईन!" अण्णा हसत हसत दूध आणायला जायचे.

रोपं बोटभर झाली की दाटीतली उपटून विरळ करायची. पहिल्या वर्षी अक्कांनी उपटलेली रोपं माझ्या हातात दिली, टाकून ये म्हणून. मला टाकवेनात. माझी आई दुसऱ्यांच्या रानात कांदा लावायला जायची. रोप उपटायचं ते दुसरीकडे लावण्यासाठीच, एवढंच मला ठाऊक. मी डब्यांत, फुटक्या बादलीत, मिळेल त्यात ती लावली. तिसऱ्या दिवशी सगळी आडवी. मला ओशाळल्यासारखं झालं. अक्का माझ्याजवळ जिन्याच्या पायरीवर बसल्या. "हे काय कांदे आहेत का रे? ह्याचं मूळ एकच, सरळ खाली जातं. हललं की संपलं." मग उठताना, "टाकवलं नाही तुला. आईनं चांगलं शिकवलंय."

बी त्यांनी कधी विकत आणलं नाही. सासूबाईंच्या वेळेपासून त्याच वाफ्यातलं, त्याच वाफ्यात. मागे काही ठेवायच्याही नाहीत. "ठेवून कुणाला?" म्हणत सगळं पेरून टाकायच्या. या शेवटच्या खेपेला त्यांना वाकता येत नव्हतं. खुर्चीत बसून काठीने दाखवायच्या, मी उपटायचो. "हे काढ." "अक्का, दोन्ही चांगली आहेत." "म्हणून तर स्वल्प वेळ लागतोय सांगायला."

फुलं आली त्याच आठवड्यात त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. त्या परतल्या नाहीत.

सुधीरदादा त्यांचा एकुलता एक मुलगा, परदेशात असतात. माणूस भला. घर बिल्डरकडे जाणार हे आधीच ठरलं होतं, जानेवारीअखेर किल्ली द्यायची होती. ते मला म्हणाले, "झाडं तूच सांभाळलीस. सगळी घेऊन जा. कुंड्या मी आणतो." हलवली की ही मरतात, बोंडं वाळली तरच बी मिळेल आणि हे बी दुसरीकडे कुठेच नाही, असं मी त्यांना सांगितलं. "अजून किती दिवस लागतील?" "तीन आठवडे." त्यांनी माझ्यासमोरच बिल्डरला फोन लावला, बराच वेळ बोलले. एक आठवडा वाढवून मिळाला.

शेवटच्या सकाळीसुद्धा बोंडं हिरवीच होती, फक्त मानेशी जरा पिवळट. मी ती लांब देठासकट कापली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि रिक्षाने बोम्मसंद्र्यातल्या नव्या खोलीवर आणली. खिडकीच्या गजाला उलटी टांगली. अशी काढलेली बोंडं पिकतात का, हे अक्कांना विचारायचं कधी सुचलंच नव्हतं.

बोंड पिकलं की नाही, हे अक्का डोळ्यांनी ठरवत नसत. ते वाकवून कानाशी न्यायच्या आणि हलवायच्या. तेवढ्यात कुणी बोललं तर दुसरा हात वर करून गप्प करायच्या. मी कामावरून आलो की आता एकेक बोंड कानाशी नेतो. दोन आठवडे काही ऐकू आलं नाही. परवा एकातून आवाज आला... बारीक, वाळू सरकल्यासारखा. पुन्हा हलवलं. आला.

अक्कांना सांगावं म्हणून मी खाली जायला निघालो. दार उघडल्यावर लक्षात आलं, ही खोली तळमजल्यावर आहे.