पाव आटा जास्त

थोरल्या जावयाला सगळे मिस्त्री म्हणत. त्यानं आवळलेला नट दुसऱ्या माणसाला सुटत नाही, अशी त्याची ख्याती होती, आणि ही ख्याती त्याला मनातून आवडायची. मिसरूड फुटायच्या आधी तो सासऱ्यांच्या गॅरेजात कामाला लागला, तिथंच शिकला आणि पुढं त्यांच्याच थोरल्या मुलीशी त्याचं लग्न झालं. घरजावई म्हणवून घ्यायला तो तयार नव्हता, कारण रात्री झोपायला तो पलीकडच्या गल्लीत स्वतःच्या खोलीत जायचा. बाकी सारा दिवस सासऱ्यांच्या डोळ्यांसमोरच.

धाकटा जावई मागाहून आला. तो एका शीतगृहात यंत्रं सांभाळायचा. माणूस हसतमुख, कुणाशीही पहिल्या भेटीत जुनी ओळख असल्यासारखा बोलणारा. सासरे त्याला 'जावईबापू, तुम्ही' म्हणत, आणि मिस्त्रीला 'अरे ए'. मिस्त्रीच्या पोटात दुखायला एवढं पुरे होतं. एकदा त्यानं हे बायकोजवळ बोलून दाखवलं.

"परक्या माणसाला 'तुम्ही' म्हणतात," कपड्यांच्या घड्या घालता घालता ती म्हणाली. "तुम्हाला परकं व्हायचंय का?"

"तसं नाही गं."

"मग झालं तर. त्या बिचाऱ्याला एक 'तुम्ही' मिळालं, तर तेही तुमच्या डोळ्यांत खुपतंय."

बायकोनंही धाकट्याला 'बिचारा' म्हणावं, हे मिस्त्रीला आणखी लागलं.

गॅरेजच्या मागच्या शेडमध्ये सासऱ्यांचा जुना ट्रक असे. चारही चाकांना जोर लागणारा, पुढं आलेल्या नाकाचा, दार लावताना खांदा लावावा लागणारा. सासऱ्यांनी तरुणपणी तो भंगारातून उचलून उभा केला होता. त्याचा क्लच, रेडिएटर, ब्रेक, सगळं पुढं मिस्त्रीच्या हातून गेलं. यंदा सासऱ्यांची नजर फारच अधू झाली आणि त्यांनी ट्रक चालवणं सोडलं. किल्ली त्यांच्या उशाशी एका खिळ्याला लटकत असे. ती आता कुणाकडं जाणार, हे घरात कुणी विचारत नव्हतं, आणि मिस्त्रीच्या डोक्यात दुसरं काही येत नव्हतं.

ट्रकची पुढची चाकं थोडा वेग घेतला की थरथरायची. स्टीअरिंग हातात नाचायचं. चाक ज्याच्यावर वळतं तो लोखंडी सांधा, म्हणजे नकल, दोन्ही बाजूंचा झिजला होता, आणि त्याचे वरखालचे बॉल जॉइंट तर म्हाताऱ्याच्या दातांसारखे हलत होते. मिस्त्रीनं खटपट करून त्याच जातीच्या दुसऱ्या ट्रकच्या दोन चांगल्या नकल मिळवल्या, नवे बॉल जॉइंट आणले. आता एका सुट्टीच्या दिवशी निवांत बसवायचं, एवढंच उरलं होतं.

त्या सुट्टीला सकाळीच धाकटा जावई दारात उभा. बाह्या वर सारलेल्या.

"बाबांनी बोलावलंय," तो म्हणाला. "म्हणाले, तुम्हीही या. दादा, तुम्ही सांगाल तसं करतो."

सासरे खुर्ची टाकून शेडच्या तोंडाशी बसले होते. "डावी बाजू तू कर," ते मिस्त्रीला म्हणाले. "ड्रायव्हरची बाजू जावईबापू करतील."

"बाबा, त्यांनी हे काम कधी केलेलं नाही."

"तूही कधीतरी पहिल्यांदाच केलंस ना? तुझ्या पहिल्या कामाची गाडी मी ढकलत परत आणली होती."

धाकटा हसला. मिस्त्रीही हसला, पण फक्त तोंडानं. ड्रायव्हरची बाजू, हे शब्द त्याच्या कानात गरम तेलासारखे उतरले होते.

ट्रक जॅकवर चढवून खाली आधाराला लोखंडी घोडे लावले, चाकं काढली. मग हब, मग आतला दांडा. दोन्ही चाकांना जोडणारा टाय रॉड सोडला. जुनी नकल हातोड्याच्या घावांनी सुटली. इथवर मिस्त्री पुढं होता. पण तिरप्या नजरेनं तो सारखा ट्रकच्या पोटाखालून पलीकडं पाहत होता. पलीकडं धाकटा सावकाश, एकेक भाग पुसून, ओळीनं मांडून काम करत होता. आणि सासरे खुर्ची सरकवून त्याच्याच बाजूला जाऊन बसले होते. दिसत तर काही नव्हतं त्यांना, मग तिकडं काय पाहत होते?

"वा," पलीकडून सासऱ्यांचा आवाज आला. "घाई नाही, ते बरं आहे."

मिस्त्रीनं घाई केली. नकलमध्ये नेहमी खालचा बॉल जॉइंट आधी दाबून बसवायचा, कारण वरचा बसला की खालच्यासाठी दाबायच्या प्रेसचा स्क्रू आत मावत नाही. हे त्यानं कितीतरी जणांना शिकवलं होतं. आज त्यानं वरचा आधी बसवला. प्रेस आत जाईना तेव्हा त्याच्या लक्षात आलं. कुणी पाहिलं नाही ना, हे बघून त्यानं तो गुपचूप दाबून बाहेर काढला आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. तोवर पलीकडची नकल जागेवर चढलीसुद्धा होती.

आता नट आवळायचे राहिले. आधी खालचा, मग वरच्या जॉइंटभोवतीची आटे पाडलेली कडी, शेवटी वरचा नट. साऱ्या कामाचा जीव त्या कडीत. ढिली राहिली तर चाक हलतं, जास्त आवळली तर नकल अडून बसते.

धाकट्यानं आपली नकल बसवून तिला स्प्रिंगचा काटा अडकवला आणि ती ओढून पाहिली. वळायला किती ताण लागतो ते काट्यावर दिसतं.

"काय तोलताय?" मिस्त्रीनं विचारलं. "भाजी?"

"दादा, तुमच्या हाताला कळतं. माझ्या हाताला काय कळणार, म्हणून काटा आणला." त्यानं काटा उचलून दाखवला. "बरोबर आलं का हो हे?"

आकडा अगदी जसा हवा तसा होता. "ठीक आहे," मिस्त्री म्हणाला, आणि ते दोन शब्द काढायला त्याला नट आवळण्यापेक्षा जास्त जोर लागला.

सासरे नेहमी काम झालं की चाक दोन्ही हातांनी धरून हलवून पाहत. मिस्त्रीला वाटलं, आपल्या बाजूला केसभरही खेळ लागता कामा नये. धाकट्याच्या बाजूला थोडासा लागेल, आपल्या बाजूला अजिबात नाही. त्यानं कडी आवळली. पुरेशी झाली, हे हाताला कळलं. तरी त्यानं आणखी पाव आटा दिला. मग वरचा नट लावून तो सुटू नये म्हणून स्प्लिट पिन वाकवली. काटा त्यानं मागितला नाही.

दुपारी टाय रॉड जोडून चाकं चढवली. सासऱ्यांनी डावं चाक हलवलं. "पहाडासारखं," ते म्हणाले. उजवं हलवलं आणि नुसती मान डोलावली. मिस्त्रीच्या छातीत थंड वाटलं.

मग सासरे म्हणाले, "मला चालवू द्या."

"बाबा, तुम्हाला दिसत नाही."

"मागच्या मैदानात पाहण्यासारखं आहे काय?"

तिघं पुढच्या लांब सीटवर बसले. ट्रक मैदानात निघाला. थरथर गेली होती. सासऱ्यांनी स्टीअरिंग एका बाजूला वळवलं आणि हात सोडून दिले. चांगली गाडी अशा वेळी आपोआप सरळ होते. ही झाली नाही. ती वळतच राहिली, गोल गोल, घाण्याच्या बैलासारखी. सासऱ्यांनी हळूच ब्रेक लावला.

"एक बाजू अडून बसलीय," ते म्हणाले. "कुणाची?"

दोन्ही चाकं एका दांडीला बांधलेली. सीटवर बसून सांगता येणार नव्हतं. मिस्त्रीला मात्र तो पाव आटा मनगटात आठवत होता. गप्प राहिलं की झालं. नवशिक्याकडं बोट जाणारच होतं.

"माझी असणार, बाबा," धाकटा म्हणाला. "पहिलीच वेळ माझी."

मिस्त्रीनं त्याच्याकडं पाहिलं. त्या माणसाला स्वतःच्या काट्यावरचा आकडा पाठ होता. त्याला ठाऊक होतं अडलेली बाजू कुणाची. ठाऊक असून तो हे म्हणत होता, आणि म्हणताना हसत होता. म्हणजे चूक केल्याचं श्रेयसुद्धा हाच घेणार. मनाचा मोठेपणा म्हणून उद्या घरभर सांगितलं जाणार. मिस्त्रीच्या अंगाचा तिळपापड झाला.

"तुमची कशी असेल?" तो म्हणाला. "माझी आहे."

"नाही हो दादा, माझीच."

"अहो, तुमचा आकडा मी बघितलाय. माझी आहे म्हणतो ना. मी पाव आटा जास्त दिला."

"असू दे दादा, कशाला—"

"असू दे कसं? चूक माझी आहे, ती माझ्याकडंच राहील."

सासरे खो खो हसायला लागले. इतके की त्यांना खोकला आला. "आयुष्यभर लोक चूक दुसऱ्यावर ढकलताना ऐकले," ते म्हणाले. "तिच्यावरून अशी ओढाताण पहिल्यांदाच."

शेडमध्ये ट्रक पुन्हा जॅकवर चढवला, चाकं काढली, टाय रॉड सोडला. धाकट्यानं काटा पुढं केला. मिस्त्रीनं तो घेतला, आपल्या नकलला अडकवला, ओढला. काटा पार खाली गेला. त्यानं वरचा नट काढला, कडी पाव आटा मागं घेतली, पुन्हा सगळं बसवलं. या वेळी काट्यावर आकडा नीट येईपर्यंत तो उठला नाही.

संध्याकाळी सासऱ्यांनी किल्ली आणवून घेतली. ती धाकट्याच्या हातात ठेवली.

मिस्त्री खाली मान घालून हात पुसत राहिला. पुसायला हाताला काही उरलं नव्हतं.

"अरे ए," सासरे त्याला म्हणाले, "तू स्टीअरिंग धरतोस तेसुद्धा आवळून. शेजारी बसलो की माझे खांदे दुखतात. मला आता नुसतं बसून फिरायचंय, तर चालवणारा सैल हाताचा पाहिजे. पण तू तपासल्याशिवाय गाडी फाटकाबाहेर जायची नाही. तू नाही म्हणालास, तर नाही."

"बरं," मिस्त्री म्हणाला.

"मग? जाऊ का आता?"

मिस्त्रीनं ट्रकला एक फेरी मारली. दोन्ही चाकांशी वाकला, पिना पाहिल्या. ड्रायव्हरच्या बाजूला जरा जास्त वेळ वाकला. खोट काढण्यासारखं काही सापडलं नाही.

"जा," तो म्हणाला.

ट्रक निघाला. सासरे शेजारी ऐटीत बसले होते. मिस्त्रीची बायको बाहेर येऊन त्याच्या बाजूला उभी राहिली. कोपऱ्यावर धाकट्यानं स्टीअरिंग वळवलं, मग हात सैल सोडले, आणि ट्रक आपला आपण सरळ झाला.

"छान वळली," ती म्हणाली.

दोन्ही चाकं एकाच दांडीला बांधलेली असतात, एक दुसऱ्याच्या आधी सरळ होऊ शकत नाही, हे मिस्त्रीला कुणी सांगायची गरज नव्हती.

"डावं आधी सरळ झालं," तो म्हणाला. "पाहिलंस ना?"